उलट्या पंखांचं विमान आणि शेजारची दुर्बीण

मत्सर कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. तो काळा असतो, त्याला दोन नळ्या असतात, चामड्याचा पट्टा असतो, आणि तो शेजाऱ्याच्या गळ्यात लटकत असतो. आजही कुठं दुर्बीण दिसली की माझ्या पोटात अशी कळ उठते की वैद्यानं पोट दाबून बघावं आणि आत काय आहे म्हणून घाबरून पळून जावं.

नवा महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. पिंपळगाव राजाच्या शिवारात आमचं ज्वारीचं वावर होतं आणि धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, आमच्या शेजाऱ्याचं, भाईंचं. भाई माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठे. त्यांचे वडील आणि माझे वडील एकाच विहिरीवर पाळी लावून मोट हाकलेले, त्यामुळे भाऊबंदकीत जेवढं भांडण असतं तेवढंही आमच्यात नव्हतं. ज्वारी हुरड्यावर आली की दोघांची मचाणं उभी राहायची, दगड मारला तर पोचेल इतक्या अंतरावर. मग महिनाभर मुक्काम तिथंच, कारण भोरड्या यायच्या. भोरड्या म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. थवा उठला की ऊन झाकलं जायचं आणि गावातल्या कोंबड्या संध्याकाळ झाली समजून खुराड्यात जायच्या. एकदा थवा आमच्या वावरावरून गेला तेव्हा खाली वाळत घातलेलं माझं धोतर वाऱ्यानं उडून धुऱ्यापलीकडे भाईंच्या बैलाच्या शिंगाला गुंडाळलं गेलं.

या पाखरांना एकट्यानं हाकलून भागत नाही. आपण गोफण मारावी तर थवा उठतो आणि शेजाऱ्याच्या कणसांवर बसतो. शेजाऱ्यानं मारावी तर परत आपल्याकडे. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की एका मचाणावरून हाळी गेली की दुसऱ्यानं ओ द्यायचा आणि दोघांनी एकदम गोफण फिरवायची. दोन्हीकडून गोफणीचे गुंडे, म्हणजे दगड, सुटले तरच पाखरू शिवार सोडतं. भाई या बाबतीत घड्याळाच्या वरताण होते. जेवताना हाळी आली तर घास तोंडात धरून गोफण मारणारा माणूस. मी तसा नव्हतो. मला आभाळ बघायची खोड होती.

आमच्या शिवारावरून विमानं जायची. मुंबईहून नागपूर-कलकत्त्याकडे जाणारी फार उंचावरून, पांढरी रेघ ओढत. पण मधूनच एखादं लहानसं, चपळ, खाली उतरत चाललेलं विमान औरंगाबादच्या दिशेनं निघायचं. त्यात लेणी बघायला आलेले साहेबलोक असायचे, स्वतःच्या मालकीच्या विमानात बसून. आपल्याकडे शेठ लोक मोटार ठेवतात तसं त्यांच्याकडे जेट. ही लहान शेठजी-विमानं ओळखायचं काम त्या शिवारात माझ्याकडे होतं. कोणी दिलं नव्हतं, मी घेतलं होतं.

ज्ञान आलं खामगावच्या बाजारातून. एका किराणा दुकानदारानं इंग्रजी सचित्र मासिकांची रद्दी घेतली होती आणि त्यात तो शेंगदाणे, हळद, गूळ बांधून द्यायचा. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी मला येत होतं. एका कागदावर विमानाचं चित्र दिसलं आणि मी त्या दुकानाचं असं गिऱ्हाईक झालो की घरात हळदीच्या पुड्यांचा डोंगर लागला. सगळे कागद मी बाभळीच्या काट्यांनी मचाणाच्या खांबांना टोचून ठेवले. अडचण एकच होती. लेखाचा अर्धा भाग माझ्या हळदीला आणि उरलेला अर्धा दुसऱ्या कोणाच्या गुळाला गेलेला असायचा. तेव्हा इतिहास जिथं फाटायचा तिथून पुढं मी स्वतः पूर्ण करायचो.

आणि काय इतिहास होता! स्वित्झर्लंड नावाच्या देशानं म्हणे एक लढाऊ विमान बनवायला घेतलं. ते तळ्यात पडलं. सरकारनं हात झटकले. मग एका अमेरिकन माणसानं त्या विमानाचे पंख बघून विचार केला, की यावर बंदूक नको, शेठ बसवू. त्यानं सगळा बाडबिस्तरा अमेरिकेला हलवला आणि तिथं एक इवलंसं विमान काढलं, पंखांच्या टोकांना तेलाच्या टाक्या, आत ताठ उभं राहायची सोय नाही, पण पळायला असं की सावली मागं राहावी. इतपत कागदावर होतं. त्या माणसानं अमेरिकेत पाय ठेवल्यावर तळ्यातल्या माशांना निरोपाची तार केली, ही भर माझी.

दुसरं एक अमेरिकन, शेपटाशी चार इंजिनं, दोन या बाजूला, दोन त्या. आधी दोन इंग्रजी इंजिनांवर उडवून पाहिलं, तो सौदा फिसकटला, मग चार बारकी लावली. फ्रान्सवाल्यांचं आणखी निराळं: लढाऊ विमानं करणाऱ्या कारखान्यात घडलेलं, अंगानं फ्रेंच आणि इंजिनं अमेरिकेची. अमेरिकेत विकताना त्याला ससाण्याचं नाव दिलं. साहेबलोकही शेवटी पाखरांवरच आले, हे सांगताना मला भोरड्यांचीही कीव यायची.

बायको नुकतीच आलेली, सोनाळ्याकडची. दुपारी भाकर घेऊन वावरात यायची. शांत, कामाला वाघीण, आणि कान असे की माझ्या बोलण्यातलं पाणी आणि दूध वेगळं काढायची. पहिल्या महिन्यातच तिनं एक हिशेब बसवला होता: मी जे सांगेन त्याचं निम्मं धरायचं आणि त्या निम्म्यावरही विसंबायचं नाही. मी तीन साप मारले म्हणालो की ती विचारायची, म्हणजे दोरी होती ना? नवऱ्याला याचं काय वाटतं ते मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही निम्मंच धराल.

एकदाच तिनं मान वर करून ऐकलं होतं. मी तिला इंग्रजांच्या जेटची गोष्ट सांगत होतो. ज्या कंपनीनं ते विमान कागदावर काढलं ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या घरात गेली आणि विमानाचं नाव बदललं. विमान तेच, शेपूट तेच, पंख तेच, नाव सासरचं. बायकोचं नावही मांडवात बदललं होतं आणि आमच्या आईनं हाक मारली की तिला ओ द्यायला क्षणभर उशीर व्हायचा. तिनं भाकरीचं फडकं झाडून घडी घातलं. मग म्हणाली, ते जाईन तवा मले दाखवजा. त्या दिवशी मी मचाणावरून खाली उतरलो तो शिडीला पाय न लावता.

आणि त्याच आठवड्यात दुर्बीण आली.

भाईंचा साला मुंबईत विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता. तो बहिणीला भेटायला आला आणि भाईंसाठी कुठल्याशा वैमानिकाची टाकून दिलेली दुर्बीण घेऊन आला. नुसती दुर्बीण असती तर मी छातीवर दगड ठेवून सोसलं असतं. पण सोबत एक मोठा छापील तक्ता होता. त्यावर सगळ्या विमानांच्या काळ्या सावल्या, खालून बघितल्यावर दिसतात तशा, पंख, शेपूट, इंजिनं सगळं मापात. हळदीचा डाग नाही, फाटलेला कोपरा नाही. भाईंनी तो तक्ता पत्र्यावर डकवला, मचाणात टांगला आणि चहाच्या हाटेलात जाहीर केलं, की दुनियेतलं झाडून सगळं विमान यात आहे. यात नाही ते आभाळात नाही.

झालं. सबंध गावानं धुरा ओलांडला. काल माझ्या मचाणाखाली बसून तंबाखू मळणारी माणसं आज भाईंच्या मचाणाखाली रांग लावून डोळे चोळू लागली. विमान आलं की भाई दुर्बीण लावायचे, तक्त्यावर बोट ठेवायचे, नाव सांगायचे. संपलं. ना तळं, ना मासे, ना तार. असं कोरडं बोलणं लोक मिटक्या मारत ऐकायचे, आणि मी इकडे खांबाला टोचलेले कागद वाऱ्यानं फडफडताना बघायचो. आपल्या पंगतीतून उठून लोक शेजारी मिठाशिवायचं जेवायला जातात तेव्हा कसं वाटतं, विचारा मला.

तेही सोसलं असतं. पण एका दुपारी बायकोनं भाकर माझ्यापुढे ठेवली आणि धुऱ्याकडे तोंड करून आवाज दिला, भाई, ते नाव बदललेलं इमान खरंच असते का? भाईंनी तक्ता बघितला. तिकडून उत्तर आलं, हाव वैनी, दोन्ही नावं छापेल हायेत. बायको वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, खरंच होतं म्हनजे.

तुम्हाला वाटेल मी खूश झालो असेन. माझ्या घशात भाकरीचा घास असा अडकला की तो गिळायला मला पुढला पोळा उजाडला. माझी गोष्ट खरी ठरली होती, पण शिक्का धुऱ्यापलीकडचा.

त्या दिवसापासून मी भाईंच्या हाळीला ओ देणं सोडलं. ते हाक घालायचे, मी कान खाजवायचो. पाखरं त्यांच्याकडून उठून माझ्यावर बसायची, माझ्याकडून त्यांच्यावर. भाई एकटेच गोफण मारत राहिले, कंटाळले नाहीत. त्याचाही मला राग. दुसरीकडे मी मचाण उंच करायला घेतलं. दुर्बीण नाही तर नाही, निदान आभाळाच्या जवळ तरी जाऊ. खांबांना खांब बांधले, बांबूंवर बांबू चढवले. शेवटी मचाण इतकं उंच झालं की वर चढताना वाटेत एकदा बसून पाणी प्यावं लागायचं, आणि घारी माझ्या पायाखालून जायच्या. बायकोनं वर यायला नकार दिला. भाकर खालून दोरीनं वर यायची.

मग तो दिवस आला.

ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. दोन्ही वावरांच्या मधोमध भोरड्यांचा थवा घिरट्या घालत होता. भाईंनी हाळी दिली, मी नेहमीसारखा गप्प. एवढ्यात मेहकरच्या अंगानं आवाज आला. लहान जेटचाच, पण ओळखीचा नाही. वर बघितलं आणि माझ्या हातातली गोफण खाली पडली.

विमान चांगलंच खाली होतं. शेपटाशी दोन इंजिनं, शेपूट वरून आडव्या पट्टीचं, पंखांच्या टोकांना टाक्या. पण पंख! सगळ्या जेटचे पंख मागं ओढलेले असतात, निदान सरळ तरी असतात. याचे पंख पुढं झुकलेले होते. विहिरीत सूर मारणारा हात पुढं काढतो तसे. असं वाटत होतं की कोणीतरी पंख उलटे बसवले आहेत, आणि विमान शेपटाकडून पुढं जातंय. मी आयुष्यात विमानांबद्दल जेवढं खोटं बोललो होतो त्या सगळ्यात असलं मला सुचलं नव्हतं. मलाच राग आला, की हे आपल्याला आधी का सुचलं नाही.

मी भाईंच्या मचाणाकडे बघितलं. भाई उभे होते. डोळ्याला दुर्बीण, गोफण हातातून लोंबत असलेली. विमान टेकडीआड गेलं तरी त्यांनी दुर्बीण काढली नाही.

आणि खाली काय चाललं होतं? थवा दोन्ही वावरांवर उतरला होता. दोन पुरुष दोन मचाणांवर देवळातल्या मूर्तींसारखे उभे आणि माझी बायको पदर खोचून, रिकामा डबा बडवत, ज्वारीतून धावत सुटली होती. मी वरून ओरडत राहिलो, वर बघ, वर बघ. तिनं वर बघितलं नाही. ती पाखरांना आणि मला एकाच शिव्या देत होती.

मी खाली उतरलो तेव्हा ती घामानं निथळत उभी होती. मी पंखांचं सांगितलं. अल्ला-ईश्वराची, जनावरांची, ज्वारीची, सगळ्यांची शपथ घेतली. या खेपेला मी एक अक्षर वाढवलं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला सगळ्यात मोठं वाटलं.

"पंख उलटे," ती म्हणाली. "अन् चालवनारा उलटा बसेल असन."

मी तडक धुरा ओलांडला. ज्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे बघून माझी झोप उडाली होती त्याच्याच दारात साक्ष मागायला. भाई तक्त्यापुढं बसले होते. एकेका सावलीवर बोट ठेवत वरून खाली, खालून वर. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं बैल हरवलाय.

मी म्हणालो, भाई, दिसलं ना?

"दिसलं," ते म्हणाले. "पन तक्त्यात नाई, राजे. मंग मी पाह्यलं काय?"

मी म्हणालो, तक्ता जुना असेल, मागाहून कोणी काढलं असेल. त्यांनी मान हलवली. सबंध गावाला त्यांनी सांगितलं होतं की यात नाही ते आभाळात नाही. आता उलट्या पंखांचं विमान पाहिलं म्हटलं तर तक्ता खोटा, तक्ता खोटा तर आजवर सांगितलेली सगळी नावं खोटी. आणि वर माझ्यासोबत पाहिलं म्हणायचं! गावात मी साक्षीदार असलेली गोष्ट आपोआप बुडते, हे त्यांनी फार गोड शब्दांत मला समजावून दिलं. म्हणाले, तुमचं काय राजे, तुमाले कोनी खोटं म्हनलं तर हसतेत. मले खोटं म्हनलं तर हसनार नाईत.

मला त्यांचं पटलं, आणि पटलं म्हणून आणखी चीड आली. या माणसाकडे दुर्बीण होती, तक्ता होता, लोक होते, माझी बायको ज्याला विचारते ते तोंड होतं. आणि वर त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी होतं. माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

संध्याकाळी हाटेलात मी गोष्ट सांगितली. ठरवून गेलो होतो की फक्त खरं सांगायचं. पंखांपर्यंत खरं सांगितलं. पण लोक हसले नाहीत, चकित झाले नाहीत, चहा फुंकत बसले. अशा वेळी माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हणालो, वैमानिकानं खिडकी उघडून मला हात केला. मग मी म्हणालो, त्यानं पाणी मागितलं आणि मी मचाणावरून तांब्या दिला. हाटेल खदखदून हसलं. कोणीतरी भाईंना विचारलं, तुमच्या दुर्बिणीत तो तांब्या दिसला का? भाई कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, मी त्या वक्ती गोफण मारत होतो.

माझ्या जन्मातलं एकमेव खरं त्या बाकड्यावर मेलं, आणि निम्मा खून मीच केला होता.

दुसऱ्या दिवशी बायको भाकर घेऊन आली, पण माझ्या दोरीला बांधली नाही. सरळ धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. मी वरून बघत होतो. एवढं उंच मचाण बांधल्याचा पहिला आणि शेवटचा उपयोग. भाई खाली उतरले. ती काय बोलली ते मला नंतर तिच्याकडूनच कळलं. ती म्हणाली, भाई, माह्या घरच्याची गोफन रोजच थांबते, त्याचं मले काई नाई. पन काल तुमची थांबली होती. तुमी हाळी देल्ली अन् गोफन मारली नाई, असं कदी झालं नाई. म्हनजे वरतं काईतरी होतं.

भाईंनी दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. मग त्यांनी हात वर केले, आणि दोन्ही पुढं झुकवले.

ती माझ्या मचाणाखाली आली. मान वर करून म्हणाली, "खरं हाये तुमचं. पंख पुढंच होते."

मी खाली बघितलं. लग्नापासून या वाक्यासाठी मी महिने काढले होते. इतका आनंद झाला की जे विचारायला नको होतं तेच तोंडातून गेलं. "कोन म्हनलं?"

"भाई म्हनले."

पुष्कळ वर्षांनी नागपूरला एका रेल्वे अधिकाऱ्याच्या घरी विमानांवरचं एक जाड पुस्तक हाताला लागलं आणि त्यात ते विमान निघालं. जर्मनांनी केलेलं. पंख उलटे नव्हते, मुद्दाम पुढं झुकवलेले होते, म्हणजे पंखांचा आडवा कणा बैठकीच्या मागून जातो आणि आतला साहेब डोकं न आपटता उभा राहू शकतो. ती युक्ती म्हणे त्यांच्याकडच्या युद्धाच्या काळातल्या एका बाँबफेकी विमानाची. मोजकीच बनली, फारशी खपली नाहीत, कारखान्यानं हात आखडला. ते पुस्तक मी उधार मागून घरी आणलं. तिच्यापुढं पान उघडून ठेवलं. म्हटलं, बघ.

तिनं चित्र निरखून पाहिलं. हात पुसले, पानावर बोट फिरवलं, पंखांच्या झुकावावरून, टोकाच्या टाकीपर्यंत. तिचा चेहरा उजळला. "हेच थे," ती म्हणाली. "भाईनं पाह्यलेलं."

मी म्हणालो, अगं, भाईंच्या आधी माझी नजर गेली होती त्यावर. आवाज मी आधी ऐकला. दुर्बिणीशिवाय बघितलं, उघड्या डोळ्यानं. तिनं माझ्याकडे बघितलं. लग्नाच्या पहिल्या महिन्यात साप आणि दोरी निवडताना बघायची, अगदी तसं. मग पुस्तक अलगद मिटलं आणि माझ्या हातात देत समजुतीनं म्हणाली,

"तुमीबी पाह्यलं असन."